भांगड्याला बारा नारळ

माझी नात रेणुका भांगडा शिकली, पण पगडी काही तिच्या डोक्यावर टिकेना. तालमीत चार वेळा पडली. तिला नाच शिकवायच्या हरजीत मॅडम. त्यांचे यजमान नवलाख उंबरे गावाकडच्या कारखान्यात आहेत. मॅडमनी सांगून टाकलं, "आज स्टेजवर पडली, तर पुढच्या कार्यक्रमापासून रेणुका मागच्या रांगेत."

पोरगी चपातीचे नुसते तुकडे करत बसली. मी म्हटलं, "मी येतो बांधायला. कुरवंड्यात चाळीस वर्षं नवरदेवांचं फेटं बांधतोय. घोडा उधळला, नवरदेव पडला, पर माझा फेटा पडला न्हाई."

लोणावळ्याच्या मैदानावर निरनिराळ्या राज्यांच्या मुलांचा महोत्सव होता. केरळची पोरं होती, बंगालची होती, आमचीही होती. माझ्या गळ्यात 'स्वयंसेवक' लिहिलेली पट्टी अडकवली. पासष्टीला रेणुकेनंच मला अक्षरं शिकवली, त्यामुळे तो शब्द मी तिला वाचून दाखवला आणि मगच कामाला लागलो.

नाचणारी पोरं बारा. मॅडमनी पगडीवर तुऱ्यासारखा कापडाचा पंखा कसा काढायचा ते एकदा दाखवलं. पंखा त्यांचा, पीळ माझा. मी गुडघा टेकून ताण दिला.

"आबा, माझ्या भुवया वर गेल्या," रेणुका म्हणाली.

"असू दे. डोळं मोठं दिसत्यात."

बारावा पंखा खोचला आणि जन्माच्या सवयीनं मी हाळी दिली, "फेटं झालं वं."

आता आमच्याकडे फेटा झाला की कपाळाला कुंकू आणि हातात नारळ, हे ठरलेलं. पाहुण्यांच्या स्वागताला आमच्याच गावची नंदाबाई नेमली होती. ती पलीकडे नारळांचं पोतं घेऊन बसली होती. हाळी ऐकताच ती उठली, रांगेनं कुंकू लावलं आणि एकेकाच्या हातात नारळ दिला. मी शेजारी हात जोडून उभा. मलाही काही वावगं वाटलं नाही. तेवढ्यात नाव पुकारलं, ढोल वाजला आणि पोरं स्टेजवर गेली.

मॅडम धावत आल्या. "आबा, मुलांच्या हातात काय दिलंय?"

"नारळ."

"का?"

हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी नंदाबाईकडे बघितलं.

"फेटा बांधल्यावर मोकळ्या हातानं कसं धाडायचं, ताई?" ती म्हणाली.

मॅडम पडद्याआडून 'खाली ठेवा, खाली ठेवा' अशा खुणा करू लागल्या. रेणुकेनं मान हलवली. मानाचा नारळ जमिनीवर ठेवत नाहीत, हे मीच तिला शिकवलं होतं. तिचं बघून बाकीच्यांनीही ठेवले नाहीत. ढोलाच्या ठेक्यावर बारा नारळ वर गेले.

मधेच एका पोराचा नारळ निसटला आणि घरंगळत स्टेजच्या कडेला निघाला. रेणुका एका पायावर उड्या मारत गेली आणि पार खाली वाकली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन नारळ होते आणि पगडी जागची हलली नव्हती.

लोकांना वाटलं, नाचच असा असतो. त्यांनी तो परत करायला लावला. तोवर पाहुण्यांचे नारळ संपले होते, म्हणून नंदाबाईनं त्यांना मुलांच्या नाश्त्यातलं एकेक केळं दिलं.

नाच झाल्यावर मॅडम घाम पुसत आल्या. "रेणुका पुढच्याच रांगेत. पण आबा, पगड्या भाड्याच्या आहेत. सोडा आता."

बांधलेलं सोडवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. नवरदेव आपापलं बघतात. शेवटी कापडाचं टोक धरून एकेका पोराला भिंगरीसारखं फिरवलं. अकरा सुटली. रेणुका डोकं धरून लांब पळाली. मॅडम म्हणाल्या, "तिची राहू दे. उद्या पाठवा."

कुरवंड्याची जीप गच्च भरली होती. ड्रायव्हरनं रेणुकेची पगडी पाहिली, कुंकू पाहिलं, हातातला नारळ पाहिला, आणि पुढं बसलेल्या दोघांना म्हणाला, "उठा रं, मागं व्हा. मानाचं माणूस हाय."

ती पुढं बसली. मी मागं, टपाच्या दांडीला धरून, उभा.