गणित सुटलं

माझ्या माहेरी नापास होण्याची पद्धत नव्हती. ह्यांच्या घरी होती, पण लग्न ठरताना तसं कुणी बोललं नाही. लेक मात्र माझ्या वळणावर गेली. शाळेत कायम पहिली. शेवटी अशा विद्यापीठात लागली, की नाव सांगितल्यावर लोक आधी ‘काय!’ म्हणतात आणि मग अभिनंदन करतात. मला त्यातलं ‘काय!’ जास्त आवडायचं.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे मी बसते. डोळे तपासते, फ्रेमा दाखवते आणि ज्याला जी शोभत नाही, ती त्याला घेऊ देत नाही. मागच्या खोलीत हे काचा घासायच्या मशीनवर असतात. मशीनचा आवाज असा, की शेजारी उभं राहून भांडलं तरी ह्यांना पत्ता लागत नाही. आमचा संसार टिकला त्यात त्या मशीनचा मोठा वाटा आहे.

दर गुरुवारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, की आमच्याकडे बैठक भरते. समोरच्या इमारतीत दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्याच विद्यापीठात, तिच्याच वर्षाला, पण दुसऱ्या शाखेत. आणि कुरिअरवाले भाऊ. त्यांची मुलगी कायदा शिकायला तितक्याच नावाजलेल्या ठिकाणी गेलीय. मुलांचे चढउतार एकमेकांना सांगायचे, मन मोकळं करायचं, असं म्हणून आम्ही सुरुवात केली होती. पण पहिल्याच गुरुवारी डॉक्टरांनी एक चढ सांगितला, मग मी त्याच्याहून उंच चढ सांगितला, आणि उताराला कुणी वालीच उरला नाही.

डॉक्टर सांगायचे, प्राध्यापकांनी थांबून मुलाचं नाव विचारलं. मी सांगायची, आमच्या लेकीचं नाव विचारावं लागत नाही. भाऊ चहा फुंकत म्हणायचे, ‘आमचंही बरं चाललंय.’ डॉक्टरांचा आवाज चढला, की मागे मशीनचा आवाजही चढायचा. हे मुद्दाम करत असावेत, असा माझा संशय आहे.

अशाच एका गुरुवारी दुपारी लेकीचा फोन आला. मी एका आजोबांना नवा चष्मा घालून बघत होते. मागे मशीन किंचाळत होतं.

“आई, गणित सुटलं!” ती म्हणाली. आवाज भरून आलेला.

“काय झालं?”

“सुटलं गं, एकदाचं! शनिवारी घरी येतेय. समोर बसूनच सांगते सगळं. आता प्रयोगशाळेत शिरतेय, ठेवते.”

“अहो,” आजोबा म्हणाले, “माझा कान इथं आहे.”

मी चष्म्याची काडी त्यांच्या गालात खुपसत होते. माफी मागितली, पण लक्ष कुठं होतं? गणित सुटलं. नोकरी सुटते, शाळा सुटते, धीर सुटतो, पोट सुटतं. सुटलेली एकही गोष्ट माझ्या पाहण्यात चांगली नव्हती. एखादं उदाहरण सुटतं, ते खरं. पण तेवढ्यासाठी कुणी रडवेल्या आवाजात फोन करतं का? आणि तडक घरी यायला निघतं का? ज्या गणिताच्या जोरावर तिला तिथं घेतलं, तेच हातातून गेलं. आता तिला शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागणार.

मी मागे धावले आणि मशीनचं बटण बंद केलं. “अहो, तिनं गणित सोडलं!”

हे स्टुलावर बसलेच. “सोडलं? आपण होऊन?”

“शनिवारी घरी येतेय. सामानासकट.”

सामानाचं ती काही बोलली नव्हती. ते मी माझ्या पदरचं घातलं. घाबरले, की मी शब्द निवडत बसत नाही.

ह्यांनी हातातली काच पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “येऊ दे. पोरगी आपलीच आहे.” आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळची बैठक रद्द करायचं मला सुचलंच नाही. डॉक्टर आले, भाऊ आले. डॉक्टर त्या दिवशी कधी नव्हे ते गप्प होते. माझ्या पोटात तर गोष्ट मावतच नाही. चहाचे कप ठेवता ठेवता मी बोलून गेले, “काय सांगू, आमच्या पोरीचं गणित सुटलं.”

“सुटलं?” डॉक्टरांचा चेहरा उजळला. “वा, ताई! अभिनंदन!”

मी बघतच राहिले. माणसाला लाज कशी ती नाही! भाऊ माझ्याकडे बघत होते, डॉक्टर चष्मा पुसत होते. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “तुम्ही इतकं मोकळेपणानं बोललात, म्हणून मीही सांगतो. आमच्या चिरंजीवांचं राहिलंय. गणितही राहिलंय आणि भौतिकही.”

माझं डोकंच फिरलं. मी सांगतेय काय, माझ्या लेकीचं गणित सुटलं. आणि हा गृहस्थ मला ऐकवतोय काय, तर आमच्याचे दोन्ही विषय शाबूत आहेत! माणसानं वेळकाळ तरी बघावा.

“राहणारच,” मी म्हणाले. “बापावर गेलाय.”

डॉक्टर लालबुंद झाले. कप खाली ठेवला आणि शटरखालून वाकून बाहेर पडले. घाईत त्यांचं डोकंही आपटलं. मला त्या क्षणी बरं वाटलं, ते लपवत नाही.

“ताई,” भाऊ म्हणाले, “हे जरा जास्तच झालं.”

“जास्त त्यांचं झालं!” मी म्हणाले. भाऊंनी चहा अर्धवट टाकला आणि तेही गेले.

शनिवारी आम्ही दोघं बस स्थानकावर गेलो. बसच्या पोटातून ड्रायव्हरनं जी बॅग ओढून काढली, ती बघून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस आत मावेल एवढी बॅग. मी म्हटलं नव्हतं, सामानासकट? मागून लेक उतरली. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण हसत होती. तिनं मला घट्ट मिठी मारली. बिचारी आमच्यासाठी हसतेय, असं मला वाटलं.

घरी येईस्तोवर मी मनात वाक्य जुळवत होते. रागवायचं नाही, रडायचं नाही, तोंड पाडायचं नाही. ती हातपाय धुऊन टेबलाशी बसली, तशी मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “हे बघ, चष्म्याचं दुकान काही वाईट नसतं.”

“कोण वाईट म्हणतंय?”

“नाही, म्हणजे तू पुढे बसलीस, तर मी मागे बाबांना मदत करीन. गणित सोडलंस तर सोडलंस. गणित म्हणजे काही जग नव्हे.”

“मी कुठं गणित सोडलं?”

“तूच तर म्हणालीस फोनवर! सुटलं म्हणून.”

“अगं, सुटलं! म्हणजे पास झाले! पहिल्या सत्रात राहिलं होतं ना, ते आता सुटलं.”

पलीकडून एक विचित्र आवाज आला. हे हसत होते. टेबलावर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत. “ती सुटलं म्हणाली होती? आणि तू मला सांगितलंस सोडलं! अगं, विषय राहिला म्हणजे नापास आणि सुटला म्हणजे त्यात पास झालो. माझं गणित इतक्या वेळा राहिलंय, की शेवटी सुटलं तेव्हा मास्तरांनाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. तुमच्या घराण्यात कधी कुणी नापास झालं नाही ना, त्यामुळे तुला ही भाषाच येत नाही!”

मी उठले, पोरीचे मुके घेतले, ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. लेक परत येणार नव्हती. लेक तिथंच राहणार होती. मग ती बॅग? बॅग उघडली, तर आत नुसते मळके कपडे. होस्टेलचं धुलाईयंत्र बिघडलंय म्हणे.

कपड्यांचा पहिला घाणा मशीनमध्ये टाकताना माझा हात थांबला. म्हणजे राहिलं होतं.

“कधी राहिलं होतं गं?”

“सांगितलं ना, पहिल्या सत्रात.”

“तेव्हा तर तू रोज फोनवर म्हणायचीस, मजेत आहे.”

ती मोज्यांच्या जोड्या लावत बसली. “तुला सांगितलं असतं, तर तू दुकान बंद करून आली असतीस.”

“आले असते.”

“होस्टेलच्या दारात उभं राहून प्राध्यापकांचा पत्ता विचारला असतास.”

“विचारला असता.”

“आणि बाबांनी फोनवरून मला गणित शिकवायला घेतलं असतं.”

ते ऐकून मलाही हसू आलं. मग ती मोजे हातात घेऊन म्हणाली, “आणि गुरुवारी तू काय सांगितलं असतंस, आई? तिकडे सगळे माझं कौतुक ऐकायला बसलेले असतात.”

मला रडू आलं, भरपूर आलं. ते नापास झाल्याचं नव्हतं. नापास होऊन, तोंड धुऊन, मला फोन करून माझी पोर ‘मजेत आहे’ म्हणत होती, त्याचं होतं. तिनं मोजे टाकले आणि माझ्या गळ्यात पडली. “झालं ना आता, सुटलं ना,” असं तीच मला समजावत होती. उलटीच तऱ्हा.

नाक पुसता पुसता मला एकदम आठवलं आणि मी ओरडले, “अरे देवा, डॉक्टर!”

त्यांचं काय झालं ते विचारायला ह्यांना वेळच दिला नाही. लेकीचा हात धरला आणि समोरच्या इमारतीचा जिना चढले. डॉक्टर एका पेशंटच्या तोंडात वाकले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. कपाळावर शटरचा वळ अजून दिसत होता.

“डॉक्टर,” मी दारातूनच म्हणाले, “मला राहिलं म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. मला वाटलं, राहिलं म्हणजे टिकलं. मी तुम्हाला टोमणा मारला, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा मारला.”

“बापावर गेलाय म्हणालात,” डॉक्टर म्हणाले.

“हुशारीत म्हणाले हो! म्हणजे, रागानं म्हणाले, पण हुशारीतच.”

पेशंट आ वासून पडला होता, त्याच्या पोटातून हसू यायला लागलं. डॉक्टरांनी हत्यार बाहेर काढलं तसा तो थुंकून म्हणाला, “माझा इतिहास राहिला होता. तीनदा.” आणि पुन्हा आ वासला.

मग डॉक्टरही हसले. मोठ्यानं नाही, पण दात दिसले. “बायकोलाही अजून सांगितलं नाहीये,” ते म्हणाले. “मुलगा फोन उचलत नाही. परत येतो, एवढाच निरोप पाठवलाय.” म्हणजे जी भीती मी दोन दिवस उगाच बाळगली, ती ह्या माणसाच्या घरात खरोखरच येऊन बसली होती. आणि मी त्याला काय ऐकवलं होतं!

लेक पुढे झाली. “काका, त्याला माझा नंबर द्या. नापास झालेल्यांचा आमचा एक गट आहे तिथं. रोज संध्याकाळी एकत्र बसून अभ्यास करतो. माझं त्यांच्यामुळेच सुटलं. हुशार मुलं आहेत सगळी.”

“नापासांचा गट?” मी म्हणाले. “आणि हुशार?”

“आई, तिथं सगळेच आपापल्या शाळेतून पहिले आलेले असतात. कुणीतरी शेवटचं येणारच ना?”

पुढच्या गुरुवारी डॉक्टर येतील की नाही, याची मला धाकधूक होती. आले. शटरखालून नीट वाकून आले. मुलगा फोन उचलतोय, परत यायचं सध्या तरी बोलत नाही, एवढं सांगून त्यांनी चहा घेतला. मी माझी सगळी कहाणी सांगितली, काही न वगळता. मग भाऊंनी कप खाली ठेवला.

“आमची रोज रडते,” ते म्हणाले. “अभ्यास चांगला आहे, पण घरची आठवण येते. एक मैत्रीण झाली नाही अजून. मला वाटलं, इथं फक्त चांगलंच आणायचं असतं. आमच्याकडेसुद्धा फुटलेलं पार्सल कुणी हातात घेत नाही.”

त्या दिवशी आमची बैठक खूप लांबली. मागे मशीनचा आवाज नव्हता. हे दाराशी येऊन उभे होते, आणि थोड्या वेळानं स्टूल घेऊन पुढे आमच्यात आले.

दुसऱ्या सत्राचा निकाल लागायची वेळ आली, तेव्हा मी फोन गळ्यात अडकवूनच फिरत होते. फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत होते. मशीन आधी बंद केलं.

“आई,” ती म्हणाली. तिचा श्वास ऐकू येत होता. “आई, रसायन राहिलं.”

“राहिलं?”

“हो. आत्ताच कळलं. अजून कुणाला सांगितलं नाही.”

“बरं,” मी म्हणाले. “जेवलीस का?”

ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, नाही जेवले. मी म्हटलं, आधी जेव, रसायन काही पळून जात नाही, राहिलंय ना. ती म्हणाली, आई, तू ना! आणि मग बराच वेळ, आधी कधी बोलली नव्हती तेवढं बोलली.

फोन ठेवला आणि मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक घेऊन आले. ह्यांच्यापुढे ठेवला.

“अगं,” हे म्हणाले, “रसायन राहिलंय तिचं. सुटलं नाहीये. परत घोळ घातलास का?”

“नाही,” मी म्हणाले आणि सुरी त्यांच्या हातात दिली. “या वेळी बरोबर ऐकलंय.”