शरददादाच्या नावाचा कोनाडा

वहिनीने दादाच्या सगळ्या अस्थी आपल्याला दिल्या नाहीत, हा संशय सुमेधाच्या मनात वर्षभर घर करून होता. नाशिकला विसर्जनाच्या वेळीसुद्धा तिने कलश दोनदा हलवून पाहिला होता.

दादा, म्हणजे शरदचंद्र, अडुसष्ट साली कॅनडात आला आणि एलेनॉरशी लग्न करून मिल्टन गावापलीकडे तिच्या माहेरच्या इस्टेटीवरच राहिला. तिथे त्या घराण्याचं दगडी चॅपेल होतं. घरातल्यांचे अंत्यविधी तिथेच व्हायचे आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवून वर नावाची शिळा बसवायचे.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला सुमेधा नवऱ्याबरोबर, रवींद्रबरोबर, नॉर्थ यॉर्कहून आली, ती गाडीतून उतरून थेट चॅपेलकडेच गेली. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर काळवंडलेल्या शिळांमध्ये एक पांढरीशुभ्र शिळा, आणि तिच्यावर दादाचं नाव!

तिने किल्ली मागितली. "आत नको जाऊस, छत गळतंय," एलेनॉर नजर चुकवत म्हणाली.

"छत नवंकोरं दिसतंय," सुमेधा रवींद्रच्या कानात पुटपुटली.

"आजच्या दिवशी तरी पुरे कर गं."

"तुम्हाला सगळेच साधे वाटतात."

पण जेवताना तिला राहवेना. "वहिनी, दादाला तिथे ठेवलंय ना तुम्ही?"

एलेनॉरने चमचा खाली ठेवला आणि किल्ली आणली.

चॅपेलमधली ती शिळा नुसतीच टेकवलेली होती. एलेनॉरने ती बाजूला केली. सुमेधाने पार मागपर्यंत हात घातला. गार दगड, बाकी काही नाही.

"अस्थी सगळ्या तुलाच दिल्या. त्याचीच तशी इच्छा होती," एलेनॉर म्हणाली. "पण माझी सगळी माणसं इथे आहेत. त्याचं नावही नसावं, हे मला बघवेना."

"मग छताचं का सांगितलंत?"

"क्रॉसखाली त्याचं नाव बघून चिडली असतीस. आणि कोनाडा रिकामा आहे म्हटलं असतं, तर विश्वास ठेवला असतास?"

"नसता ठेवला," सुमेधा म्हणाली. अजूनही आपण शेजारच्या शिळांचा चुना ताजा आहे का ते निरखतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आत काय ठेवू, सांग ना," एलेनॉर म्हणाली.

दोघी घरात आल्या. दादाच्या कपाटातून सुमेधाने तपकिरी लोकरी टोपी काढली. अंगणातला बर्फ शोव्हलने उपसताना तो ती घालायचा.

एलेनॉर घुटमळली. "विंटरमध्ये ती मी घालते. रोज."

सुमेधाने टोपी घडी करून तिच्या हातात दिली. "मग राहू दे, वहिनी. कोनाडा रिकामाच बरा."