काखेतलं ब्रह्मांड

शहाऐंशी सालच्या थंडीत बाळकुमच्या मैदानात अख्खा कोळीवाडा लोटला होता, कारण शीळफाट्याचे नाडीबाबा मरून दाखवणार होते. तेही रोज संध्याकाळी, आणि मेल्यावर चहाला परत येणार होते.

बाबा कफनीत मांडी घालून बसले. हात अंगाशी घट्ट, डोळे वर. “जीव ब्रह्मांडात चाललाय. धरा नाडी!”

गावचे पुढारी गोमाजी यांनी मनगट धरलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. “गेली! नाडी गेली!”

घंटा वाजली, बायका रडल्या, बाबांनी उसासा टाकला आणि नाडी परत आली. माझा दवाखाना समोरच असल्यामुळे मी हे सगळं पायरीवरून बघत होतो. ब्रह्मांडात गेलेला माणूस नाकावरच्या डासाला फुंकर कशी मारतो, एवढंच मला कळेना.

मग सगुणा पुढे आली. ही माशांची पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात जाणारी. काही महिने तिच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, मासळी कापताना कोयता गळून पडत होता. बाबांनी तिला समोर बसवून एका हाताने तिचा हात वर ताणला, तिला मान वळवायला लावली. गोमाजींनी नाडी बघितली तर तीही गायब! तळहात पांढरा पडला.

“रक्त पितंय कुणीतरी!” बाबा गरजले. “बोल माई, पाटी डोईवर कोण चढवतं?”

“माझी सासू.”

“तीच! अमावस्येच्या आत घराबाहेर काढा, नाहीतर हात वाळला म्हणून समजा!”

आता भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. सासू, जाऊ, शेजारीण, कुणीतरी हात लावतंच. पण मैदानाला वाटलं, बाबांना अंतर्ज्ञान झालं. सगुणाची सासू जनी तिथेच उभी होती. “मी काय केला रे?” ती मुलाला विचारत होती, आणि नामा जमिनीकडे बघत होता. मला भयंकर संताप आला. म्हातारीने एवढी वर्षं सुनेचं ओझं उचलून दिलं, त्याचं हे बक्षीस!

मी पायरीवरून उतरून बाबांच्या मांडवात शिरलो. “गोमाजीशेठ, हात वर करा. मान वळवा.” त्यांची नाडी बघितली. “तुमचीही गेली. आता तुमच्या सासूला बाहेर काढायचं का?”

“ती कवाच मेली, डाक्टर!”

“बघा, तरी पितेय.”

लोक हसले. बाबा खवळले. “आमचा हात तर मांडीवर होता! आमची नाडी कशी थांबली, सांग की!”

“आजी,” मी जनीला म्हटलं, “बाबांना जरा पाटी चढवा.”

जनीने पदर खोचला, सुनेने बाजूला टेकवलेली ओली पाटी उचलली आणि “घ्या म्हाराज!” म्हणत सरळ बाबांच्या डोक्यावर ठेवली. पाटी डोक्यावर आली की माणसाचे दोन्ही हात आपसूक वर जातात. बाबांचेही गेले. कोळंबीचं पाणी दाढीतून ओघळलं आणि कफनीतून एक लिंबू टपकन पडून गोमाजींच्या पायाशी गेलं.

“हे ब्रह्मांड,” मी म्हणालो. “काखेत लिंबू दाबलं की हाताकडे जाणारी रक्तवाहिनी दबते, मनगटाची नाडी थांबते. सगुणाला लिंबू लागत नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या बोळातून जातात. सतत पाटी डोक्यावर, हात वर, खांदे पुढे. बोळ आवळत जातो. नुसती नाडी जाणं हा आजार नव्हे, गोमाजीशेठ धडधाकट आहेत. पण हिची पकडही सुटते, म्हणून नीट तपासायला हवं.”

ठाण्यात तपासण्या झाल्या, अंदाज खरा निघाला. मी तिला घरी करायचे व्यायाम सांगितले. खांदे मागे आणि खाली घ्यायचे. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती हळूहळू उघडायची. मान बाजूला अलगद झुकवायची, श्वास पोटातून. मुंग्या वाढल्या की थांबायचं. हात डोक्यावर घेऊन झोपायचं नाही. हात सुजला किंवा निळा पडला तर लगेच दवाखाना. आणि पाटी डोक्यावरून उतरवून शेजारणीच्या हातगाडीवर.

“एवढ्यानं बरं व्हंल? सुई तरी द्या, डाक्टर!” सगुणा म्हणाली. बाबा गेला तरी लोकांना सुई लागतेच. मी दिली नाही.

व्यायामावर पहारा जनीचा. दवाखान्यात बसून मला तिचा आवाज ऐकू यायचा. “खांदं मागं घे, गो! नायतर परत मना घराबाहेर काढशील!” सगुणा हसायची आणि खांदे मागे घ्यायची. हात एका दिवसात सुधारला नाही, पण शिमग्यापर्यंत कोयता हातात टिकू लागला. नामा मात्र अजून आईच्या नजरेला नजर देत नाही, आणि ते योग्यच आहे.

बाबा आता मानपाड्याकडे मरतात असं ऐकतो. तुमच्याकडे आले तर त्यांना दोन्ही हात वर करायला सांगा. आणि तुमचा स्वतःचा हात बधिर झाला तर कुठे काय दबलंय ते तपासून घ्या. कुणी केलं, असं विचारत गावभर फिरू नका. त्या प्रश्नाच्या उत्तरात दरवेळी घरातली एखादी म्हातारीच सापडते.