अक्षरं वाचून दाखवायची सोय

"एकच स्टार देनार मी. जास्त न्हाय," बिल्किस म्हणाली आणि पिठाचे हात पुसून तिने मोबाइल उचलला.

राग खेळावर होता. 'शब्दअंगण' नावाचा हा खेळ तिच्या मोबाइलवर बरीच वर्षं होता. विखुरलेली अक्षरं जुळवून शब्द करायचा. शब्द जमला की अंगणात एक रोप उगवायचं आणि चिमणी येऊन मान वाकडी करून बघायची. खेळ जोडीने खेळता यायचा. बिल्किसची जोडी कुवेतला असलेल्या नवऱ्याशी, नजमुद्दीनशी होती. निम्मे शब्द तिने इथे मुरुडजवळच्या गावात लावायचे, निम्मे त्याने तिकडे. सकाळी त्याचं रोप दिसलं की माणूस खुशाल आहे असं समजून ती कामाला लागायची. काम म्हणजे काशीदच्या कॉटेजवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या आणि माशांचं कालवण पुरवणं. सुट्टीला आलेली मंडळी अशी खातात की यांच्या घरी चूल पेटते की नाही अशी शंका यावी.

आता नवीन अपडेट आलं आणि त्यात चिमणीच गेली. तिच्या जागी जाहिराती दाखवणारा एक आगाऊ पोपट आला. बिल्किसने हे मनाला लावून घेतलं. खेळणाऱ्यांनी मत कुठे लिहायचं ते तिच्या मुलीने, इनशाने दाखवलं आणि ती डबे भरायला लागली.

पण लिहिण्याआधी दुसऱ्यांचं वाचण्यातच बिल्किस रमली. अलिबागचे कुणी निवृत्त मास्तर खेळाच्या शब्दसंग्रहावर तुटून पडले होते. एका सुनेने लिहिलं होतं, सासूबाई खेळत असतात तेवढा वेळ घरात शांतता असते, तरी अजून कोडी वाढवा. चिमणी परत आणा म्हणणारे तर ढीगभर होते. बिल्किस हसत हसत खाली गेली, आणि एका नावावर थांबली. चांगदेव, कुवेत.

हे नाव तिच्या ओळखीचं होतं. चांगदेव हा नजमुद्दीनच्या खोलीतला. पेणकडचा, आगरी, क्रेन चालवणारा. त्याने लिहिलं होतं:

"गेम झकास हाय. पाच स्टार. पन अक्षरां वाचून दाखवाची सोय करा. माजे रूममदले नजमुभायला आता दिसत न्हाय. शुगरनी डोले गेले. मी अक्षरां वाचतू, तो शब्द सांगतं, मी बोट लावतू. त्याचे घरवालीला म्हाईत न्हाय, तिला वाटतं तोच खेलतं. पुढचे महिन्यान मी घरा चाललू. मंग त्याला कोन वाचून दावील? म्हनून सोय करा."

बिल्किसने ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तव्यावरची भाकरी करपली, इनशाने ती ओढून काढली आणि काय झालं म्हणून विचारलं. "काय न्हाय," बिल्किस म्हणाली. वाईट बातमी आली की या घरात पहिले शब्द हेच येतात. तिने लेकीला डबे देऊन काशीदला पिटाळलं आणि ती चुलीपुढे बसून राहिली. 

एकेक गोष्ट आता तिच्या अंगावर धावून यायला लागली. नजमुद्दीन लिहायचा बंद झाला होता, नुसतं बोलून पाठवायचा. तिने त्याला आळशी ठरवलं होतं. व्हिडिओ लावला की तो काळा गॉगल घालून बसायचा, तेव्हा "हिरो झाले आमचे" म्हणून मायलेकी हसल्या होत्या. ईदला त्याने इनशासाठी डोळे दिपतील असा पोपटी कपडा पाठवला, तेव्हा तर दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. आणि गाडी चालवायच्या कामावरून काढून कंपनीने ऑफिसात फोन घ्यायला बसवलं असं त्याने सांगितलं, तेव्हा बढती समजून तिने मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. मिठाई! 

मग राग आला. एका परक्या माणसाला माहीत, खेळ बनवणाऱ्या कंपनीला माहीत, येणारा-जाणारा वाचून लाइकचा अंगठा देऊन जातोय, आणि बायकोला पत्ता नाही. पण हा राग फार वेळ टिकला नाही. नजमुद्दीनची आई घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा "तिकडं परमुलखात कशाला जिवाला घोर" म्हणून त्याला कळवू नका असं याच बिल्किसने सगळ्यांना बजावलं होतं. त्याला कळलं ते थेट मय्यतीनंतर. या किनाऱ्यावर ज्याचा माणूस आखातात, त्या प्रत्येक घराची हीच रीत. इकडचं दुखणं इकडे गाडायचं, तिकडचं तिकडे, आणि फोनवर सगळं खैरियत.

तिने फोन लावला. त्याने लगेच उचलला. हल्ली तो कधीही लगेच उचलायचा.

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. रडायचं नाही एवढंच ठरवलं होतं. त्याने इनशाची चौकशी केली, बाजारात बांगडा काय भावाने आहे ते विचारलं. तिने उत्तरं दिली. मग म्हणाली, "आजचं कोडं अजून व्हायचं हाय. मी अक्षरं वाचते. तुमी शब्द सांगा."

पलीकडे पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बिल्किसने फोन स्पीकरवर टाकला आणि सावकाश एकेक अक्षर वाचलं. 

"चांगदेवनं सांगितलं?" त्याने विचारलं.

"मना कुनी न्हाय सांगितलं. मी वाचलं." मग तिने विचारलं, किती दिसतं?

"उजेड कलतो. मानूस आला-गेला तेवढं कलतं." मग तो म्हणाला, "इनशाचं शिक्षन झालं असतं म्हंजे आलोच असतो. भरली बॅग घेऊन. असं आंधलं होऊन कसं यायचं सांग."

"पुढच्या महिन्यात चांगदेवभाऊ येतात. त्यांच्याबरोबर या."

"त्याचा हात धरून उतरायचं?"

"धरायचा," बिल्किस म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण तिने तो सावरला नाही. "लोकांना काय बघायचं ते बघू दे. मना तुमी पायजे. तुमी तिकडं एकटे चाचपडताय, आनि मी हिकडं हसते. ह्ये मना सहन व्हायचं न्हाय."

 मग त्याने नाक ओढल्याचा आवाज आला.

"विमानतलावर सगला मोहल्ला आनू नको," तो म्हणाला. "तू एकटी ये."

"येते."

"आवाज दे मना. लांबूनच दे. मी त्या बाजूला चालत येईन."

"देते," ती म्हणाली.

"आता ती अक्षरं परत वाच. मगाशी माजं ध्यान नव्हतं."

बिल्किसने पदराने डोळे टिपले आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.