फलकावरचा पांढरा पट्टा

नारिंगी लाइफ-जाकीट, पिशवी अजून न फाडलेली.

पांढऱ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा.

चिकूची टोपली, पाण्यावर उलटी.

"मोठ्याने वाचू नको!"

खाडीत उलटलेल्या, आता वाळूवर ओढून आणलेल्या लाँचमधून जतीन एकेक जाकीट बाहेर टाकत होता. त्याची आई हंसा ती धुण्यासारखी एकावर एक रचत होती. पिशव्यांना चिखल लागलेला, जाकिटं आतून कोरडी.

लाँचमधला सूचनांचा फलक जागेवरच होता. वर लाल अक्षरांत इंग्रजी. खाली, मराठीच्या जागी, पांढरा पट्टा.

पट्टा हंसानेच मारून घेतला होता. फलक नवा लागला त्या सकाळी बुधी बोटीत चढली. रानशेतची पोर, खाडीपलीकडच्या वाडीत चिकू तोडायला जायची. फलकासमोर उभी राहून शाळेतल्यासारखी खणखणीत वाचू लागली, "बोट बुडू लागल्यास..."

हंसाच्या हातातली मासळीची पाटी निसटली.

"मोठ्याने वाचू नको! पाण्यावर तो शब्द काढतात का? तुमच्या रानात चालत असेल."

"काकी, तुमच्याच बोटीवर लिहिलंय."

बोटीतली माणसं हसली. हंसा हसली नाही. तिच्या सासऱ्याने उभ्या जन्मात समुद्रावर तो शब्द तोंडातून काढला नव्हता. दुपारी तिने सरावलीच्या चिमण पेंटरला बोलावलं.

"एक शब्द बदलतो ना, काकी. सगळं कशाला पुसायचं?"

"सगळं पूस. विटाळलंय ते."

"आणि इंग्रजी?"

"राहू दे. ते कोण वाचतंय?"

"तपासणीला तेवढं पुरे," जतीन म्हणाला होता.

आता बुधी गेली होती, आणि तिची बहीण सुकी टोपली ओळखायला आली होती. टोपली तिने पाहिली, बाजूला ठेवली. मग जाकिटांच्या ढिगाकडे बघत राहिली.

"ही कुठं होती?"

"बोटीतच," जतीन म्हणाला.

"बोटीतच?"

जतीनने पुढचं जाकीट बाहेर टाकलं. हंसा उठली. कमरेची मासळीची सुरी काढून ती लाँचमध्ये चढली आणि पट्टा खरवडू लागली. पांढरे पोपडे तिच्या पायांवर पडले. खालून काळं अक्षर निघालं, मग दुसरं.

"काय लिवलंय?" सुकीने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

हंसाने ओठांवरून जीभ फिरवली.

"बोट बुडू लागल्यास," ती म्हणाली.

त्या सकाळी बुधी पहिल्याच ओळीवर थांबली होती. जाकिटं बाकाखाली आहेत, हे दुसऱ्या ओळीत होतं.