मडमेची खोली

रोज सकाळी ती गाईड मुलगी जुनी नदीकाठची वस्ती दाखवायला पाहुण्यांचा घोळका घेऊन यायची. गोदी, कस्टमची कचेरी, साहेबांची दफनभूमी, आणि मग माझी खिडकी.

"या खोलीत एक गोरी मडम नवऱ्याच्या बोटीची वाट बघत बसायची. बोट बुडाली. ती इथेच झुरून मेली."

बायका चुकचुकायच्या, पोरं गजांना नाक लावायची. कुणीतरी विचारायचं, "आजोबा, भीती नाही वाटत?"

मी वैतागायचो. पण दाढी करून, धुतलेला सदरा घालून वैतागायचो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच माणसं.

एक दिवस मात्र डोकं फिरलं. जन्मभर या नदीत लाँच चालवली, थापा ऐकून घ्यायची सवय नाही. सगळ्यांसमोर भिंतीचा पांढरा पापुद्रा नखाने खरवडला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"चाख. कसली मडम नि कसलं काय! साहेबाच्या राज्यात हे मिठाचं कोठार होतं. भिंती अजून मीठ ओकतात, रंग टिकत नाही. पुसून पुसून माझी बायको दमली."

पोरीने चाखून तोंड वाकडं केलं. पाहुणे हसले. मी मनात म्हटलं, कशी जिरवली!

दुसऱ्या दिवशी घोळका खिडकीवरून सरळ पुढे गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मिठाचं कोठार बघायला कोण थांबतंय? मी आपला दाढी करून बसलेलो.

खोली खायला उठली. शेवटी चपला अडकवल्या, गोदीवर गेलो आणि घोळक्याच्या मागे उभा राहिलो. तिचं बोलणं संपल्यावर घसा खाकरला.

"पोरी, ती मडम माझ्याच खोलीत राहायची. आता आठवलं मला. आजी सांगायची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण आजोबा, ते मीठ?"

सगळ्यांनी माना वळवल्या. आता माघार घेतली असती तर पुन्हा ती रिकामी खिडकी होतीच.

"रडायची ना ती," मी म्हणालो. "आपलं माणूस गेल्यावर त्या खोलीत एकट्याने दिवस काढून बघ. भिंतीसुद्धा खारट होतात."

या वेळी कुणी हसलं नाही. पोरगी जवळ आली.

"मग उद्या थांबू का तुमच्याकडे?"

"थांबा की," मी म्हणालो. "आणि खिडकीतून काय बघता? आत या. बसायला जागा आहे."