वरवंटा घेऊन शिप्रेवर

उज्जैनला सगळं आहे, पहाड तेवढा नाही. देव आहेत, घाट आहेत, सकाळी कढईतून निघणारी जिलबी आहे. पण उंच म्हणून काही शोधायला गेलं तर देवळांची शिखरं आणि फ्रीगंजातला घड्याळाचा टावर, संपलं. माझा जन्म इथला, सासरही इथलंच. सव्विसाव्या वर्षापर्यंत मी चढलेली सगळ्यांत उंच जागा म्हणजे माहेरची गच्ची, आणि तिथंही मी पापड वाळत घालायला जायची.

मग छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्य बदललं. आमचा मध्य भारत गेला आणि मध्य प्रदेश आला. राजधानी भोपाळला गेली म्हणून मामंजी आठवडाभर पेपर पुढ्यात धरून उसासे टाकत होते. मी मात्र शाळेच्या भिंतीवर नवा नकाशा लावला आणि बघतच राहिले. खाली उजवीकडे सातपुडा होता. कालपर्यंत परक्या राज्यात असलेली पचमढी आता आमची होती! लोकांना नवं सरकार मिळालं, मला पहाड मिळाला. मुलींना जिल्हे शिकवता शिकवता माझं बोट सारखं तिथंच जायचं.

डिसेंबरात पत्रक आलं. नव्या राज्यातल्या शिक्षिकांचं शिबिर फेब्रुवारीत पचमढीला भरणार होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी चौरागडचा पहाड चढायचा, सकाळी निघून संध्याकाळी परत, जेवण-पाणी-कांबळं ज्याचं त्यानं पाठीवर घ्यायचं. आमच्या मोठ्या बाई, विनोदिनीबाई, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "शाळेतून एकच नाव पाठवायचंय. चढ फार कडक आहे. अर्ध्या वाटेत बसणारी बाई नको मला."

बाकीच्या एकमेकींकडे बघायच्या आत माझा हात वर गेला होता.

"तू, नंदा? बरं. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी घरचा होकार घेऊन ये. नाहीतर दुसरीचं नाव जाईल."

घरचा होकार! संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी बँकेची थैली खुंटीला लावली, बूट काढले, मोजे काढले, आणि मोज्यांत उत्तर सापडल्यासारखं म्हणाले, "माझी काही हरकत नाही. आईला विचार." आमच्या घरात याचा अर्थ एवढाच की पहाड दोन आहेत, आणि पहिला स्वयंपाकघरात बसतो.

पहिल्या पहाडाचं नाव अक्का. माझ्या सासूबाई. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, त्यामुळे नाही म्हणायची रीत घराण्यातच होती. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी पाचवारी गोल साडी नेसायला लागले, तेव्हा अक्का महिनाभर माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. आता बायकांच्या घोळक्यातून पहाडावर जाते म्हटल्यावर काय होईल, ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ठरवलं, आधी तयारी करू. दम टिकतो असं दिसलं की मग विचारू. विचारायचं काय, कधीही विचारता येतं.

पहिलं काम म्हणजे बूट. टावरजवळच्या दुकानात कॅनव्हासचे पांढरे बूट टांगलेले असत. दुकानदारानं विचारलं, "बहनजी, मुन्ने का नाप?" मी पाय पुढे केला. तो बिचारा इतका गडबडला की त्यानं आधी नमस्कार केला आणि मग बूट काढले. ते बूट मी शाळेच्या झोळ्यात लपवले. गल्लीच्या वळणापर्यंत चपला, आणि वळलं की बूट. नव्या रबराचा तो वास आला की माझ्या पायांत आपोआप वारं शिरायचं.

दुसरं काम चढायला जागा शोधायचं. उज्जैनमध्ये चढ म्हणजे रामघाटाच्या पायऱ्या. आमच्या माधवनगरहून पहाटे चालत जायचं, तेच खूप चालणं. मग पाण्यापासून वरपर्यंत आणि वरून पाण्यापर्यंत. घरी सांगितलं, "शिप्रेवर जाऊन येते." हे काही खोटं नव्हतं. शिप्रा तिथंच होती.

पहिल्याच दिवशी पाचवी पायरी चढताना साडीचा घोळ बुटाखाली आला आणि मी चारी पायांवर आले. आंघोळ करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी "हर हर" म्हटलं. गुडघा फुटला. तिथंच ओल्या पायरीवर बसून मला कळलं की पहाड काही गोल साडीत चढायचा नाही. काष्टा हवा. आणि काष्टा घालायचा तर अक्कांकडे जायला हवं.

"अक्का," मी त्या दिवशी दुपारी म्हटलं, "मला लुगडं नेसायला शिकवाल?"

अक्का गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग मनात आलं असावं की उलट कुणी ऐकायलाच हवं होतं. त्या उठल्या आणि त्यांनी ट्रंक उघडली. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या, "एक दिवस येशीलच तू वळणावर." तासभर त्यांनी मला नेसवलं, सोडवलं, पुन्हा नेसवलं. ओचा घट्ट खोच, काष्टा वर घे, चालून दाखव, बसून दाखव. मी बसले, उठले, आणि खोलीतल्या खोलीत दोन उड्या मारल्या. पाय कसे मोकळे झाले होते! चार वर्षं मी ज्याच्याशी भांडत होते ते लुगडं इतकं कामाचं असेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अक्कांना वाटलं, मी आनंदानं उड्या मारते आहे. तेही खरंच होतं.

तिसरं काम ओझं. पाठीवर पाचेक शेर वजन घेऊन चढायचा सराव हवा, असं पत्रकात लिहिलं होतं. घरात पाच शेराची आणि पाठीला न टोचणारी वस्तू एकच होती, पाट्यावरचा वरवंटा. पहाटे चटणी कोण वाटतं? मी तो ह्यांच्या जुन्या लाल मफलरात नीट गुंडाळला, झोळ्यात घातला आणि झोळा पाठीवर बांधला. उजाडल्यावर घरी परत आले की वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवायचा.

मग काय मजा सुरू झाली म्हणून सांगू! पहिले काही दिवस वर पोहोचले की कानांत ढोल वाजायचे आणि मी खांबाला धरून उभी राहायची. नंतर नंतर ढोल लांब गेले. एक दिवस मी सलग चढले, उतरले, चढले, आणि पुन्हा उतरताना लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. घाटावरचा एक पंडा रोज बघायचा. त्यानं न राहवून विचारलं, "बहनजी, कोई मन्नत है क्या?" मी धापा टाकत म्हटलं, "हां पंडितजी, बहुत ऊंची है." त्यानं हात जोडले.

इकडे घरी अक्का रोज जास्तच गोड व्हायला लागल्या. सून लुगडं नेसते, पहाटे शिप्रेवर जाते, येते तेव्हा गाल लाल असतात आणि तिला भूक लागलेली असते. साऱ्या गल्लीत त्यांनी सांगून टाकलं. मेथीचे लाडू झाले. रोज मी ठरवायची, आज विचारते. आणि रोज अक्का ताटात तूप वाढायच्या, आणि माझं तोंड लाडवानं भरलेलं असायचं. संक्रांत आली तरी माझं विचारणं बाकीच होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. अक्कांनी स्वतःची काळी चंद्रकळा मला नेसवली आणि मला बैठकीत मधोमध बसवलं, ज्यांच्या सुना गोल साड्या नेसतात त्या सगळ्यांना दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना उत्तर द्यायचं होतं. बायका गेल्या की विचारायचंच, असं घोकत मी तिळगूळ वाटत होते.

तेवढ्यात शेजारच्या शैलाताईंनी माझा हात धरला. त्या सकाळी शिप्रेवर स्नानाला गेल्या होत्या.

"अक्का, तुम्ही मोठ्या छुप्या हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काय सांगायचं?" अक्का म्हणाल्या.

"आता लपवून काय उपयोग? मी आज डोळ्यांनी पाहिलं. तुमची सून घाटावर बसली होती. मांडीवर लाल मफलरात गुंडाळलेला वरवंटा. असा छातीशी धरलेला!"

सगळ्या बायका पुढे सरकून बसल्या. आमच्याकडे बारशाच्या दिवशी वरवंट्याला बाळासारखं नटवतात आणि पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. लग्नाला चार वर्षं झालेली, पाळणा न हललेली सून वरवंटा मांडीवर घेऊन शिप्रेच्या काठी बसते, म्हणजे दुसरं काय असणार? मी दम खायला बसले होते. झोळा नीट बांधायला वरवंटा बाहेर काढला होता, आणि ओल्या पायरीवर मफलर खराब होऊ नये म्हणून मांडीवर घेतला होता. पण तिथं जमलेल्या सगळ्या बायकांना एकच गोष्ट दिसली.

"म्हणजे नवस होता तर!"

"होता काय, फळला असणार. गाल बघा ना तिचे!"

"म्हणून मेथीचे लाडू!"

मी अक्कांकडे पाहिलं. हळदीची वाटी हातात तशीच धरून त्या माझ्याकडेच बघत होत्या. चार वर्षांत एकदाही त्यांनी मला मुलावरून टोकलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना त्याचं काही नसेल. आता त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तो बघवेना. मी नुसती मान खाली घालून लाजले असते, तर त्या संध्याकाळी माझ्याइतकी लाडकी सून उज्जैनमध्ये दुसरी नसती. आणि मग पचमढीला दुसरीच कुणी गेली असती. पोटुशी बाई काय पहाड चढते? महिनाभर पायांत भरलेला तो चढ, ते बूट, नकाशावरचं ते बोट, सगळं एका लाजण्यात गेलं असतं.

"अक्का," मी म्हटलं, "तसं काही नाही. मला पहाड चढायचाय."

कुणाला काहीच कळलं नाही. मग मी सगळं एका दमात सांगितलं, शिबिर, चौरागड, पाठीवरचं ओझं. "वरवंटा फक्त वजनाला होता," मी शेवटी म्हटलं.

कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. शैलाताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अग बाई! आणि हे सासूला तरी माहीत आहे का?"

अक्कांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. त्यांनी वाटी खाली ठेवली. पाठ ताठ केली. दरबारातले सगळे कारकून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले असावेत.

"माहीत नसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "वरवंटा माझ्या स्वयंपाकघरातला आहे. माझ्या घरातून पाच शेराचा दगड रोज बाहेर जातो आणि मला पत्ता नसतो, असं वाटलं का तुम्हाला? जाणार आहे ती. वरपर्यंत चढणार आहे. घ्या, तिळगूळ घ्या."

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अक्का पाट्यासमोर बसल्या होत्या आणि वरवंट्यावरून उगाच हात फिरवत होत्या.

"लुगडं पहाडासाठी नेसलीस?"

"हो."

"आणि शिप्रेवर जात होतीस तेही?"

"तेही."

"मला वाटलं, माझ्यासाठी." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "महिनाभर गल्लीत मिरवून राहिले मी."

"अक्का, मी रोज विचारणार होते. पण तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं!" त्या उसळल्या. "मी पहिल्यांदा सगळ्यालाच नाही म्हणते. रेडिओला नाही म्हटलं होतं, आता कोण कान लावून बसतं? तुलासुद्धा नाही म्हटलं होतं, माझा सुहास बघून आला तेव्हा. मग दुसऱ्यांदा विचारायचं असतं, एवढी अक्कल नाही तुला?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "त्या शैलाताईंचं ऐकून तुम्हाला जे वाटलं..."

"ते राहू दे. मूल व्हायचं तेव्हा होईल. तुझ्या शिबिराची तारीख ठरलेली आहे." त्यांनी नाक पुसलं. "पण एक ऐकून ठेव. सगळ्यांसमोर बोलून बसले आहे मी. आता माझं नाक त्या पहाडाच्या टोकावर आहे. अर्ध्यातून परत आलीस तर बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झोळा पाठीवर बांधला, तर अक्का शाल घेऊन दारात उभ्या. "बघू तरी काय चढतेस ते," म्हणाल्या. टांगा करून आम्ही रामघाटावर आलो. अक्का वरच्या पायरीवर बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. टाच टेकव. वाकू नकोस. ओचा सुटतोय, नीट खोच. पंडा लांब उभा राहून बघत होता, आणि मी चढत होते, उतरत होते, चढत होते.

तिसऱ्यांदा वर आले तर अक्कांनी शाल काढून बाजूला ठेवली होती. काष्टा घट्ट केला होता. त्या सरळ खाली गेल्या, पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला आणि तिथून चढायला लागल्या, आधी सावकाश, मग भराभर, शेवटी जवळजवळ पळतच. मी हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला. वर पोहोचून त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. तोंड लालभडक, अंबाडा सुटलेला, छाती भात्यासारखी हलत होती. आणि त्या हसत होत्या. इतक्या मोकळेपणी हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"नंदा," दम लागल्यामुळे त्यांचे शब्द तुटत होते, "आपल्या उज्जैनात याहून उंच काय आहे ग?"

"काही नाही, अक्का."

त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवरचा झोळा स्वतःकडे ओढला.

"मग तो वरवंटा इकडे दे. परत खाली चल."